खंडेनवमीला निजवलेला सर्व्हर

कोल्हापूरच्या दूध संघाच्या कचेरीत दीप्ती कुरणे बसते कुठं, असं नव्या माणसानं विचारलं की लोक जिन्याकडं बोट करायचे. वर नव्हे, खाली. जिन्याच्या पोटात पूर्वी फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या, तिथं एक चिंचोळी खोली काढली होती. त्या खोलीला कचेरीतला एकुलता एक एसी होता, पण तो दीप्तीसाठी नव्हता, सर्व्हरसाठी होता. मॅनेजर गणपतरावांच्या केबिनमध्येसुद्धा पंखाच. त्यामुळं उन्हाळ्यात गणपतराव काही ना काही निमित्त काढून खाली येऊन बसायचे आणि म्हणायचे, "मशीनची मजा हाय की गं." दीप्ती शाल पांघरून काम करत असायची. ती हसायची आणि त्यांना स्टूल पुढं करायची.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. त्या वर्षी संघानं केंद्राकेंद्रांवरचे जुने कॉम्प्युटर काढून टाकले. कोडोली, आजरा आणि शिवाजी पेठेतलं विक्री केंद्र, सगळीकडं आता एक पडदा, एक की-बोर्ड आणि चहाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. त्या पेटीत आपलं असं काही नव्हतं. वजन, फॅट, गवळ्यांची नावं, पावत्या, सगळं काम चालायचं ते जिन्याखालच्या सर्व्हरमध्ये, आणि ज्याचा त्याचा पडदा टेलिफोनच्या तारेनं ज्याच्या त्याच्या गावी दिसायचा. दीप्तीनं हे गणपतरावांना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. साहेब, स्वयंपाक आता एकाच घरात होतो आणि डबे गावोगाव जातात. कोडोलीत शोधून भाकरी मिळायची नाही. इथली चूल विझली की सगळे उपाशी. गणपतरावांनी मान डोलावली होती. मान डोलवायला त्यांना कधीच कष्ट पडले नाहीत.

कुणाला डबा द्यायचा, कुणाचा थांबवायचा, हे दीप्तीचं काम. माउसला ती फारशी हात लावायची नाही. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक ओळ टाइप केली की कोण कुठल्या केंद्रावर कामाला बसलंय ते दिसायचं. दुसऱ्या ओळीनं आजऱ्यात अडकून पडलेलं काम मोकळं व्हायचं. आणखी एक ओळ अशी होती की इथं लिहिलेला निरोप सगळ्या केंद्रांच्या पडद्यांवर एकाच वेळी चौकटीत उमटायचा. "दुपारी लाइन बंद राहील, काम सेव्ह करून घ्या." वर निरोप देणाऱ्याचं नाव. समोरच्यानं 'ओके' दाबल्याशिवाय ती चौकट जागची हलायची नाही. कोडोली केंद्रावरचा जोतीराम म्हणायचा, "दीप्तीताई काळ्या फळ्यावर मंतर लिवत्यात." तिला ते पटायचं नाही. मंत्र चुकला तर देव समजून घेतो म्हणे. हिची आज्ञा चुकली तर तिन्ही केंद्रांचं काम थांबणार, आणि ते निस्तरायला हिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तिची पहिली लढाई झाली ती नावांवरून. आपल्याकडं परगावी जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतात, शेजारीण ती तिच्या जावेपाशी देते, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पासवर्डचंही तसंच चाललं होतं. केंद्रावर एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला. दीप्तीनं माणसागणिक वेगळं नाव दिलं, तेव्हा जोतीराम फुगला. आमी काय परकं हाय व्हय, म्हणाला. तिनं त्याला शांतपणानं सांगितलं की दादा, तुमच्या नावानं दुसऱ्यानं घोळ घातला तर शिव्या तुम्हाला बसतील. ज्याचं नाव, त्याचं काम. ते त्याला पटलं. फक्त गणपतराव बधले नाहीत. त्यांच्यासाठीही तिनं नाव उघडून दिलं, पण ते म्हणाले, असू दे तुझ्यापाशीच, मला काय करायचंय? ते नाव तसंच न वापरता पडून राहिलं.

मग दसरा आला. त्या वर्षीचा दसरा दीप्तीच्या घरी वेगळा होता. नागपूरच्या दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. तिच्या आईनं, बायडाबाईनं, आखाडापासूनच घोषा लावला होता की यंदा दीक्षाभूमी बघायचीच. बायडाबाईचा बाप छप्पन साली पायात धड चप्पल नसताना गेला होता. दीप्तीनं महिनाभर आधी रजेचा अर्ज दिला आणि गणपतरावांनी तो मंजूर केला. निघायच्या आदल्या दिवशी तिनं सगळं नीट लावून दिलं. आजऱ्याचे एक गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले होते, त्यांचं नाव बंद केलं. गणपतराव तेव्हा एसीत बसून चहा पीत होते. "काय बंद केलंस?" त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा मान डोलावली. जाताना तिनं आपला मोबाइल नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला आणि सांगून गेली, काही झालं तर गाडीतही फोन लागेल. अष्टमीला माय-लेकी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार पटाशी-रंधा पुजतो, रिक्षावाला रिक्षाला ऊस बांधतो, आणि त्या दिवशी हत्याराला कुणी राबवत नाही. त्यालाही एक दिवस विसावा. रीत गोड आहे, तिच्यात खोट काही नाही. संघात वर्षानुवर्षं ती पाळली जायची. कचेरीतला कॉम्प्युटर पुजून बंद ठेवायचे आणि त्या दिवसापुरतं कचेरीचं काम कागदावर. केंद्रांची मशीनं तेव्हा वेगळी होती, त्यांचं त्यांच्यापाशी. म्हशीला खंडेनवमी कळत नाही, त्यामुळं दूध यायचंच, आणि केंद्रांवर ते घेतलंही जायचं.

या वर्षीही गणपतरावांनी हार आणला, नारळ आणला, पेढे आणले. जिन्याखालच्या खोलीत कचेरीतली सगळी मंडळी दाटीवाटीनं उभी राहिली. सर्व्हरला हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, उदबत्ती लावली. मग गणपतरावांनी हात जोडले आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबून सर्व्हर बंद केला. पेढे वाटले. कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.

त्याच क्षणी तिन्ही केंद्रांचे पडदे काळे पडले.

आजऱ्यात झुंबरबाईपुढं दुधाची रांग होती. झुंबरबाई म्हणजे केंद्राची सर्वेसर्वा, आवाज असा की समोरच्या हॉटेलातला चहावाला तिच्या हाकेनं कप विसळायला घ्यायचा. पावती निघेना म्हणताना गवळी बिथरले. बाहेर टँकर वाट बघत राहिला, नोंद नाही म्हणून दूध चढवेनात. कोडोलीत जोतीरामनं लोकांना थांबा थांबा म्हणत दुपार केली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात कॅनमधलं दूध नासून गेलं. बायामाणसांनी तीन-तीन मैल चालत आणलेलं दूध गटारात ओतावं लागलं. शेवटी गणपतरावांनी सर्व्हर बसवून दिलेल्या पुण्याच्या कंपनीला फोन केला, तेव्हा तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, सर्व्हरवरचा दिवा लागलाय का? गणपतरावांनी फोन ठेवला, खाली गेले, हार बाजूला सारला आणि बटण दाबलं. सगळं पूर्ववत झालं.

दारामागं चिकटवलेला नंबर तिथंच होता. त्यावर एकही फोन गेला नाही.

संध्याकाळी संघाच्या चेअरमनांचा, आण्णासाहेबांचा, फोन आला. दूध नासलं कुणामुळं? गणपतरावांना उत्तर जवळच सापडलं. त्या पोरीनं रजेवर जाताना केंद्रांची नावं बंद केली, मी डोळ्यांनी बघितलं, ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी पाप कमी झालं असतं. पण पुढं बोलले, "त्यास्नी आपल्या सणावाराचं वावडंच की आण्णा. मुद्दाम कुलूप घालून गेली." हेच वाक्य मग कोडोलीत गेलं, शिवाजी पेठेत गेलं, आणि जाता जाता फुगत गेलं.

दीप्ती परतली ती संत्र्याच्या बर्फीचा डबा घेऊन. कचेरीत टेबलावर डबा उघडून ठेवला. कुणी हात लावला नाही. एकानं मधुमेह सांगितला, एकीनं उपास सांगितला, आणि वार मंगळवारही नव्हता, गुरुवारही नव्हता. मग शिवाजी पेठेतून कुणीतरी फोनवर म्हणालं, "काय मॅडम, उघडलं काय कुलूप?" तेव्हा तिला सगळं कळलं. ती जिन्याखाली आली. सर्व्हरवर वाळका हार होता, बटणावर कुंकवाचं बोट होतं. तिच्या कानशिलांची नुसती आग झाली. चूक झाली असती तर तिनं ती सुधारली असती. हार घातला याचंही तिला काही नव्हतं, घाला की. पण बटण यांनी दाबायचं, पेढा यांनी खायचा आणि नाव माझं?

गणपतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढं सारला. रजेवर जाताना माझ्याकडून नजरचुकीनं केंद्रांचा प्रवेश बंद झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. 'नजरचुकीनं' हा शब्द त्यांनी आपल्या मनाचा मोठेपणा म्हणून घातला होता. सही कर, कागद कपाटात पडंल, कोण वाचतोय, दिवाळीला तुझी कायमची ऑर्डर निघायची हाय, उगं कशाला अडकवून घेतीस, असं बराच वेळ समजावत राहिले. अगदी बापाच्या मायेनं. तिला त्या मायेचाच जास्त संताप आला.

"कोण वाचणार नसंल तर तुम्हीच करा की सही," ती म्हणाली आणि बाहेर आली.

घरी गेल्यावर मात्र तिला दिवाळी आठवली. कायमच्या ऑर्डरीवर घरातलं बरंच काही थांबलं होतं, हे बायडाबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. लेक जेवताना नुसते घास चिवडतीय हे बघून तिनं सगळं विचारून घेतलं. ऐकून घेतलं, ताट उचललं, आणि मोरीकडं जाता जाता म्हणाली, "परवा तितं लाखो लोकांत मान वर करून हुबी ऱ्हायलो आपुन. हितं येऊन खाली घालायची हुती, तर गाडीभाडं कशाला घालवलं गं?"

आण्णासाहेबांनी बैठक बोलावली. कचेरीतली मंडळी भिंतीला टेकून उभी. गणपतराव कागद घेऊन तयार. आण्णासाहेब तसे गोड माणूस, वाद म्हटलं की त्यांना ॲसिडिटी व्हायची. ते म्हणाले, सही करून टाक बाळ, विषय संपव. दीप्ती उभी राहिली. काय काय बोलायचं ते तिनं रात्रभर जुळवलं होतं, एकाच्या नावाला कुलूप लावणं वेगळं आणि सर्व्हर बंद करून घरच पाडणं वेगळं, इथपासून सगळं. पण भिंतीकडच्या चेहऱ्यांवर नजर गेली आणि ते सगळं मागं पडलं.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "खंडेनवमीचा पेढा कुणी कुणी खाल्ला?"

ज्यांना परवा मधुमेह झाला होता ते छताकडं बघू लागले.

नेमकी तेव्हाच दारात झुंबरबाई उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दरवर्षी दसऱ्यानंतर ती एसटीनं कोल्हापूरला यायची, अंबाबाईला जायची आणि मग कचेरीत येऊन सगळ्यांना आपट्याचं सोनं द्यायची. पिशवीतली पानं हातात घेऊन ती आत आली. पेढ्याचं तिच्या कानावर पडलं होतं. कागद कसला म्हणून तिनं विचारलं. कुणीतरी सांगितलं. तिनं पानं परत पिशवीत टाकली.

"आण्णा, त्या सकाळी मी हितं फोन केलतो. साहेबच बोललं. मी म्हटलो, पडदा काळा पडलाय. तर म्हनालं, 'आमच्या मशीनला हार घाटलाय, ते आज निजलंय, उद्या सोनं वाटल्यावर उठंल. तुमच्या मशीनचं तुमी बघा.' आता आमच्याकडं बघायला हाय काय? रिकामी पेटी. तिचीबी मी पूजा केलतो, म्हटलं कुनाचा शाप नगो." मग गणपतरावांकडं वळून म्हणाली, "साहेब, देवाला हार घालायचा आनि गुना लेकीच्या गळ्यात घालायचा, ही कुठली खंडेनवमी काढलासा?"

गणपतरावांनी पाण्याचा ग्लास उचलला. आण्णासाहेबांनी कागद दुमडला आणि खिशात घातला. मग सगळ्यांकडं बघून प्रेमळ हसले आणि म्हणाले, चला, झालं गेलं पंचगंगेला मिळालं.

भिंतीकडची मंडळी निघायला लागली. कुणी एकानं दीप्तीला, बरं झालं हं, असंही म्हटलं. आणि तिथं दीप्तीचा इतक्या दिवसांचा संयम सुटला. म्हणजे हे एवढंच? कागद दुमडला की संपलं? कोडोलीत ज्या बाईनं दूध गटारात ओतलं, तिनं कुणाला शिव्या दिल्या असतील?

"पंचगंगेला मिळालं नाही, आण्णासाहेब," ती म्हणाली. "ते अजून केंद्राकेंद्रांत फिरतंय. जिथं जिथं माझं नाव गेलं, तिथं तिथं खरं जाऊ दे. आणि ते साहेबांनीच पाठवायचं. त्यांच्या नावानं."

आण्णासाहेबांनी झुंबरबाईकडं बघितलं. ती हलायचं चिन्ह दिसेना. तेव्हा त्यांनी पोटावर हात फिरवला आणि गणपतरावांना म्हणाले, जावा, करून टाका.

जिन्याखालच्या खोलीत पुन्हा दाटी झाली, खंडेनवमीसारखीच. दीप्तीनं गणपतरावांसाठी उघडलेलं, कधीच न वापरलेलं नाव पडद्यावर आणलं, स्टूल त्यांच्याखाली सारलं आणि नवा पासवर्ड त्यांचा त्यांनाच ठरवून घालायला लावला. तो घालताना ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सगळ्या केंद्रांना निरोप जायची ओळ तिनं लिहून दिली आणि बाजूला झाली.

निरोप मराठी असला तरी अक्षरं इंग्रजी, त्यामुळं गणपतराव एकेक कळ शोधत होते. तांत्रिक अडचणीमुळे, असं त्यांनी सुरू केलं.

"कुठली तांत्रिक अडचण, साहेब?" दीप्तीनं विचारलं. "बटण कुणी दाबलं?"

त्यांनी ते पुसलं. मग, काही कारणास्तव, असं लिहिलं. दारातून झुंबरबाई नुसती खाकरली. तेही पुसलं. शेवटी एसी चालू असून गणपतरावांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा कुठं सरळ वाक्य उतरलं. खंडेनवमीला सर्व्हर मी पूजेसाठी बंद केला होता. दीप्ती कुरणे यांनी कुणाचंही नाव बंद केलं नव्हतं.

"एकाचं केलं होतं," दीप्ती म्हणाली. "आजऱ्याचे निवृत्त झाले त्यांचं. खरं ते सगळं खरं लिहा."

त्यांनी तेही लिहिलं. मग तिच्याकडं बघितलं, की आता तरी तू दाबशील. तिनं हात पदराआड घेतले. गणपतरावांनी स्वतःच्या बोटानं कळ दाबली.

दिवाळीला कायमची ऑर्डर आली नाही. पुढं शिमग्यापर्यंत रखडली, आणि आली ती उपकार केल्यासारखी. तो राग दीप्तीनं बरेच दिवस सांभाळला, आणि का सांभाळू नये? पण त्या दिवशी दुपारी झुंबरबाईनं पिशवीतलं सोनं पहिल्यांदा तिच्या हातावर ठेवलं, बर्फीचा डबा आपल्याकडं ओढला आणि सगळ्यांदेखत दोन वड्या खाल्ल्या. तिसरी सुनेसाठी बांधून घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. कोडोलीहून जोतीराम. मागं कॅनचा खडखडाट, दुधाची गर्दी. पडद्यावर साहेबांच्या नावाची कसलीशी चौकट आलीया, तो म्हणाला, मागचं काम दिसंना झालंय, ओके दाबू काय?

"रांगेत लोक आहेत का, दादा?"

"हायत की. पार रस्त्यापातुर."

"मग आधी मोठ्यानं वाचा," दीप्ती म्हणाली. "नंतर दाबा."